तांब्याचे डोळे

तांब्या घरी आला तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. ओळखीच्या घरी पाच पिल्लं झाली होती. चार पडद्यावर चढत होती आणि हा एकटा भिंतीला टेकून बसला होता. राखाडी पट्ट्यांचा, कुठल्याही जातीबितीचा नसलेला बोका, अंगाने भावंडांच्या निम्मा. पण डोळे असे की बघतच राहावं. मांजरांचे डोळे पिवळे असतात, हिरवे असतात, घारे असतात. याचे मात्र नुकत्याच घासून ठेवलेल्या भांड्यासारखे तांबूस-नारिंगी. आई म्हणाली, "हा तर तांब्याच." नाव पडलं ते पडलंच. पुढे कित्येक दिवस "तांब्या कुठाय?" असं विचारलं की "कुठला?" असा उलटा प्रश्न यायचा.

त्या डोळ्यांचे मी इतके फोटो काढले की बाकी मांजर त्यात जेमतेम दिसतं. येणारा जाणारा प्रत्येक जण आधी डोळ्यांबद्दल बोलायचा. आम्हीही पाहुणा आला की त्याला उचलून उजेडात धरायचो. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुरुवात लाळेपासून झाली. चौथ्या-पाचव्या महिन्यात हनुवटी ओली दिसायला लागली, मग छातीवरचे केस चिकटायला लागले. दात येत असतील असं आम्हाला वाटलं. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनाही तेच वाटलं, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्या वयात मांजरांचे दुधाचे दात पडून पक्के येतातच. हिरड्या पाहिल्या, ठीक होत्या, आम्ही घरी आलो. लाळ कधी गळते याची नोंद तेव्हा कुणीच केली नाही, मीही नाही. जेवल्यानंतर तासा-दोन तासांनी गळायची. इतकी साधी गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडत होती.

बाकीच्या गोष्टींना आम्ही स्वभाव म्हणत होतो. भिंतीकडे टक लावून बसायचा, म्हणजे विचारवंत. मध्येच ओळख नसल्यासारखा फिस्कारायचा, म्हणजे तापट. उडी मारताना अंदाज चुकून पडायचा, म्हणजे वेंधळा. एका संध्याकाळी मात्र यातलं काहीच म्हणता येईना. पोटभर चिकन खाऊन तो टेबलाखाली गेला. थोड्या वेळाने वाकून बघते तर खाली लाळेचं छोटं तळं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की तांबूस रंगाची फक्त कड उरलेली. हाक मारली, कान हलला नाही. मग उठला, भिंतीपर्यंत गेला आणि कपाळ भिंतीला लावून ढकलत राहिला, जणू तिथे दार आहे आणि ते उघडत नाहीये. पाचेक मिनिटांनी बाजूला झाला आणि झोपला. सकाळी ताजातवाना, खेळायला तयार. मी ते कुणाला नीट सांगूही शकले नाही. "काल विचित्र वागत होता," एवढंच.

सहाव्या महिन्यात नसबंदीसाठी नेला. वजन 1.7 किलो. बोक्यांचं हे ऑपरेशन म्हणजे अगदी किरकोळ. त्याच दिवशी संध्याकाळी घरी. त्या दिवशीचे बाकी बोके पिंजऱ्यात उठून ओरडायला लागले, हा मात्र रात्रभर झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी मान उचलली, तीही डुलत. त्या दिवशी ड्यूटीवर वेगळ्या डॉक्टर होत्या, वयाने लहान. त्यांनी त्याची पापणी वर केली, टॉर्च मारला, आणि टॉर्च बंद न करता मला विचारलं, "याचे डोळे पहिल्यापासून असेच आहेत?"

"हो," मी म्हणाले, आणि जरा मिरवूनच म्हणाले. "म्हणून तर नाव तांब्या."

त्या हसल्या नाहीत. "लाळ गळते का?"

"गळते."

"जेवल्यावर?"

मी थांबले. मग म्हणाले, "हो. जेवल्यावर."

"भावंडं याच्यापेक्षा मोठी आहेत? कधी झटका? भिंतीला डोकं लावणं? दिसत नसल्यासारखं चालणं?" एकेका प्रश्नाला मी हो म्हणत गेले. इतके दिवस ज्या गोष्टी वेगवेगळ्या वाटत होत्या, त्या बाईंनी दोन मिनिटांत एका दोरीत ओवल्या, आणि दोरीचं टोक डोळ्यांत होतं.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्यांतून निघणारं रक्त एका जाड शिरेतून, पोर्टल व्हेनमधून, आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त या वाटेने येतं. पचनात तयार झालेला अमोनिया आणि इतर घाण यकृत तिथे काढून घेतं आणि मग रक्त पुढे हृदयाकडे. काही पिल्लांमध्ये जन्मतःच एक जास्तीची शीर असते, जी यकृताला वळसा घालून रक्त थेट पुढच्या मोठ्या शिरेत सोडते. हाच शंट, बाईंच्या शब्दांत "आडवाट". मग न गाळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोचतं. प्रथिनं खाल्ली की अमोनिया वाढतो, म्हणून जेवणानंतर लाळ, भोवंडणं, भिंतीला डोकं. यकृताला रक्त कमी मिळतं म्हणून ते लहानच राहतं, आणि मांजरही. भुलीची औषधं शरीरातून काढण्यातही यकृताचा मोठा हात असतो, म्हणून हा पठ्ठ्या दुसऱ्या दुपारपर्यंत झोपलेला.

"आणि डोळे?"

"पर्शियन किंवा ब्रिटिश शॉर्टहेअर असता तर मी काही म्हटलं नसतं. त्यांचे डोळे तांबूस असतातच. साध्या मांजरात असा रंग दिसला की आम्हाला शिकवलेलं आहे, यकृताचा विचार करा. शंट असलेल्या सगळ्या मांजरांत तो दिसतो असं नाही. पण दिसला आणि मांजर खुरटलेलं असलं, तर तपासल्याशिवाय सोडायचं नाही."

या रंगाचा तांबं या धातूशी काही संबंध आहे का, हे मी विचारलंच. विल्सन नावाच्या आजारात माणसाच्या डोळ्यात तांबं साठून कडं दिसतं असं कुठेतरी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, ते कडं डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात असतं; इथे आपण त्यामागच्या रंगीत भागाबद्दल, बुबुळाबद्दल बोलतोय, आणि 'तांबूस' हा शब्द फक्त रंगापुरता आहे. पिल्लं जन्मतात तेव्हा सगळ्यांचे डोळे निळे असतात, कारण बुबुळात रंगद्रव्य अजून आलेलं नसतं. दीड-दोन महिन्यांच्या सुमारास ते यायला लागतं आणि तीन-चार महिन्यांत रंग बराचसा ठरतो. म्हणजे तो आमच्याकडे आला तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. आम्ही कौतुक करत होतो ते त्याच्या दुखण्याचं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं नाव बदलूया का?" बदललं नाही, त्याला ते कळायला लागलं होतं.

पक्कं निदान व्हायला पुढे तीन आठवडे गेले. पहिली तपासणी पित्ताम्लांची, सगळे 'बाइल ॲसिड' म्हणतात. यकृत ही आम्लं तयार करतं, जेवलं की ती पित्ताबरोबर आतड्यात उतरतात, तिथून रक्तात शोषली जातात आणि पोर्टल व्हेनमधून परत यकृतात येऊन उचलली जातात. आडवाट असेल तर ती परत न येता रक्तातच भटकत राहतात. म्हणून एकदा उपाशीपोटी रक्त घ्यायचं आणि एकदा जेवल्यावर दोन तासांनी. निरोगी मांजरात दोन तासांनंतरचा आकडा साधारण 25च्या आत असतो. तांब्याचा उपाशीपोटी 71 आला आणि जेवल्यावर 204. युरिया कमी, कारण अमोनियाचा युरिया करायचं काम यकृताचं आणि तेच धड चालत नव्हतं. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान. लघवीत अमोनियम बाययुरेटचे काटेरी खडे, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले मला. काट्याच्या फळासारखे तपकिरी गोळे. शंटच्या जनावरांना मूतखडे होतात ते याचेच.

सोनोग्राफीत शीर दिसली पण नीट नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, शिरेतून रंगद्रव्य सोडून. पडद्यावर त्याच्या पोटातल्या शिरा झाडाच्या मुळांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या, आणि जठराच्या कडेने एक जाड शीर गोल वळण घेऊन यकृताला चकवून वर मोठ्या शिरेला मिळत होती. इतकी जाड, की मला आधी तीच मुख्य वाटली. खरी पोर्टल व्हेन तिच्यापुढे दोऱ्यासारखी. सर्जन म्हणाले, "ही चांगली बातमी आहे. एकच आहे, आणि यकृताच्या बाहेर आहे." यकृताच्या आतून जाणारा शंट गाठणं फार अवघड असतं. आणि दीर्घ आजारानंतर नंतरच्या वयात जे शंट होतात ते एक नसून कितीतरी बारीक वाटा असतात; त्या बांधून भागत नाही.

पण लगेच चिरफाड नाही. आधी औषधांवर सावरायचं, वजन वाढवायचं. हे पाच-सहा आठवडे मला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवतात, कारण ते सगळं माझ्या हातून व्हायचं होतं.

लॅक्ट्युलोज म्हणजे गोड, चिकट सिरप. माणसांना बद्धकोष्ठावर देतात तेच. मोठ्या आतड्यात गेल्यावर ते तिथली आम्लता वाढवतं, अमोनिया अशा रूपात अडकतो की रक्तात शिरू शकत नाही, आणि विष्ठेवाटे बाहेर जातो. मात्रा कशी ठरवायची? दिवसातून दोन-तीनदा मऊ शी झाली पाहिजे, पातळ नको. म्हणजे मात्रा ठरवायला ट्रे बघायचा. मी इतकी बारकाईने कुणाची शी कधी पाहिली नव्हती. तांब्याला सिरपचा तिटकारा. पहिल्या दिवशी अर्धं माझ्या बाहीवर, पाव त्याच्या कानात. मग युक्ती सापडली: त्याला कुशीत पाठमोरा घ्यायचा, सिरिंजचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून दातांमागच्या फटीत सरकवायचं आणि एका दमात न ढकलता थोडं थोडं, तो गिळेपर्यंत थांबत. गिळलं की जिभेचं टोक नाकापर्यंत येतं, ती खूण. त्यानंतर ओल्या फडक्याने हनुवटी पुसायची, नाहीतर तासाभरात केस काचेसारखे कडक.

आतड्यातले अमोनिया करणारे जंतू कमी करायला अँटिबायोटिक. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटाम, दर आठ तासांनी: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दोन किलोच्या बोक्याला 0.4 मिलीलीटर, म्हणजे सिरिंजवरच्या चार बारीक रेघा. दुपारी दोनचा डोस आईकडे. तिने कॅलेंडरवर प्रत्येक डोसाची फुली मारायला सुरुवात केली आणि मी एकदा फुली विसरले तर माझ्याशी अर्धा दिवस बोलली नाही.

खाण्याचं मला सगळ्यात चुकीचं ठाऊक होतं. प्रथिनांनी त्रास होतो ना, मग प्रथिनं बंद, असा माझा हिशेब. डॉक्टरांनी अडवलं. मांजर पक्कं मांसाहारी. प्रथिनं फार तोडली तर ते स्वतःचे स्नायू जाळतं आणि अमोनिया उलट वाढतो. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल अजिबात नसलेलं एकच जेवण निरोगी मांजरालाही काही तासांत अमोनियाने आजारी पाडू शकतं. म्हणून प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची, यकृताच्या आजारासाठी बनवलेलं डबाबंद अन्न, आणि एकदम मोठी ताटली न भरता दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. लाल मांस आणि काळीज-कलेजी पूर्ण बंद. दुसऱ्या आठवड्यात हनुवटी कोरडी झाली. तिसऱ्या आठवड्यात तो पडद्यावर चढला. पडदा फाटला, आईने तो शिवला नाही, कौतुकाने तसाच ठेवला.

डोळे मात्र होते तसेच. मी रोज बघत होते. लाळ थांबली, झटके नाहीत, वजन 2.1 किलो झालं, पण रंग तसूभरही हलला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, औषधाने अमोनिया कमी झालाय, आडवाट बुजलेली नाही. आणि पुढे जे म्हणाल्या ते मी फारसं मनावर घेतलं नाही: "डोळ्याकडे बघून ठरवू नका. काहींचा रंग ऑपरेशननंतर बदलतो, काहींचा नाही. डोळा म्हणजे रिपोर्ट नव्हे."

ऑपरेशनच्या आधी सर्जननी ती कडी दाखवली. अमेरॉइड म्हणतात. मोठ्या मण्याएवढी, एका बाजूला फट असलेली गोल कडी. बाहेर स्टेनलेस स्टील आणि आत केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, वाळवून टणक केलेलं. शीर फटीतून आत सरकवायची आणि फट बारीक किल्लीने बंद करायची. पोटातला ओलावा शोषून केसीन फुगतं. बाहेर स्टील असल्यामुळे त्याला बाहेर फुगता येत नाही, आतच फुगावं लागतं. कडीभोवती व्रणासारखी ऊतीही वाढते, आणि चार-सहा आठवड्यांत शीर हळूहळू बंद होते. एकदम का बांधत नाही? कारण यकृताला एवढ्या रक्ताची सवयच नाही. एका दिवसात सगळं रक्त तिकडे वळवलं तर ते आत शिरू शकत नाही, मागे आतड्यांत तुंबतं, पोटात पाणी भरतं आणि जीवावर बेततं. मला ती कडी फार आवडली. इतकी साधी आणि इतकी धीराची. कुत्र्या-मांजरांच्या शंटवर ती वापरल्याचा पहिला अहवाल 1996चा आहे.

ऑपरेशन छान झालं. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की त्याचा चेहरा एका बाजूने फडफडतोय, आणि आम्ही पोचेपर्यंत मोठा झटका येऊन गेला होता. आम्हाला आधी सांगितलेलं होतं, सहीसुद्धा घेतली होती: शंट बंद करताना पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, मांजरांत असा मेंदूचा त्रास विशेष दिसतो, आणि त्याचा अमोनियाच्या आकड्याशी मेळ बसेलच असं नाही. सांगितलेलं असणं आणि बघणं यात फरक असतो. त्याला शिरेतून औषध देऊन दीड दिवस झोपवून ठेवलं. काचेतून पाहिला, पोट भादरलेलं, पंजात सुई, जीभ किंचित बाहेर.

जागा झाला तो आंधळा होऊन.

सातव्या दिवशी घरी आणला. बाहुल्या इतक्या विस्फारलेल्या की डोळा सगळा काळा, आणि भोवती तांबूस रंगाची तारेएवढी रेघ. हात डोळ्यांसमोर नेला, पापणी लवली नाही. खोलीत सोडला तर खुर्चीच्या पायावर आपटला, मागे सरला, पुन्हा त्याच पायावर आपटला. मग मिशा पुढे काढून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला, एकेक पाऊल ठेवून. सर्जन म्हणाले होते की डोळे शाबूत आहेत, बिघाड मेंदूच्या बघणाऱ्या भागात आहे, आणि बहुतेक वेळा हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येतं. "बहुतेक" हा शब्द मी त्या दिवसांत खूप वेळा मनात म्हटला. आम्ही एकही खुर्ची हलवली नाही. ट्रे, पाणी, ताटली, सगळं जागच्या जागी. आई त्याच्या ताटलीवर नखाने टिकटिक करायची, तो आवाजावर यायचा.

अकराव्या रात्री दहाचा डोस देताना सिरिंज त्याच्या तोंडाजवळ नेली आणि त्याने मान फिरवली. स्पर्श व्हायच्या आधी. मी दिव्याखाली नेऊन पाहिलं. बाहुल्या आक्रसल्या होत्या, आणि मागून तो रंग बाहेर आला होता, अख्खा, झगझगीत तांबूस. ज्या रंगाचा मला दोन महिने राग येत होता, तो बघून मी आईला झोपेतून उठवलं.

पुढच्या दिवसांत मी पुन्हा रंगाच्या मागे लागले. आता कडी बंद होत असणार, आता रंग उतरायला हवा. सहाव्या आठवड्यात मला रंग उतरल्यासारखा वाटला, आईला नाही वाटला. फोटो काढून जुन्या फोटोंशी जुळवले तर एका फोटोत केशरी, दुसऱ्यात मोहरीसारखा, आणि दोन्ही एकाच दिवसाचे! मग कळलं की फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग सुधारतो, पिवळ्या दिव्यात डोळा तांबडा दिसतो, आणि बाहुली मोठी असली की रंगाचा पट्टा दाटून गडद दिसतो. तेव्हापासून पद्धत ठरवली: महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, आणि गालाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा. दोन फोटोंतला कागद सारखाच पांढरा दिसत असेल तरच डोळे जुळवायचे. तांब्या कागद खायचा, ते वेगळं.

तिसऱ्या महिन्यात जेवणानंतरचं बाइल ॲसिड 58 आलं. 204 वरून 58. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, डॉक्टर म्हणाल्या थांबा, अजून 25च्या वर आहे; यकृताला वाढायला वेळ द्या. झटक्याचं औषध हळूहळू कमी करायला सांगितलं. एकदम थांबवायचं नाही. त्याच महिन्याच्या फोटोत पहिल्यांदा काहीतरी दिसलं: बाहुलीच्या अगदी लगत बारीक हिरवट कडं, पिकलेल्या पानाला देठापाशी उरतं तसं. या वेळी आईलाही दिसलं.

या फोटोंच्या नादाचा एक फायदा असाही झाला की ओळखीतले लोक आपापल्या मांजरांच्या डोळ्यांचे फोटो मला पाठवायला लागले. बहुतेकांना मी सांगायचे की पिल्लू आहे, रंग अजून ठरतोय, काळजी नको. एका मैत्रिणीची मांजर मात्र नऊ वर्षांची. दोन्ही डोळे पिवळे, पण उजव्यात तपकिरी ठिपके पसरत चाललेले. "म्हणजे हिलाही शंट?" तिने विचारलं. ते शंटचं लक्षण नाही एवढं मला कळत होतं. मोठ्या वयात, तेही एकाच डोळ्याचा रंग बदलणं म्हणजे वेगळं प्रकरण. बुबुळाचा मेलेनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, असू शकतो, डोळ्याच्या आतली सूज असू शकते, आणि ती सूज कधी अंगातल्या दुसऱ्याच मोठ्या संसर्गाची खूण असते. डोळ्याचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर ती कावीळ, तिथे फोटो जुळवत बसायचं नसतं. तिला त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अजून तरी ते साधे ठिपके ठरले आहेत, दर तीन महिन्यांनी बघतात.

तांब्याचं लॅक्ट्युलोज पाचव्या महिन्यात सुटलं. खास अन्नातून नेहमीच्या अन्नावर यायला आणखी महिना लागला, रोज एक चमचा बदलत. तो आता रात्री तीन वाजता माझ्या पोटावर उडी मारतो आणि अंदाज चुकत नाही. वजन 3.9 किलो, भावंडांना काही तो गाठणार नाही, पण आता त्याला कुणी पिल्लू म्हणत नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला आईही आली. जेवणानंतरचा आकडा 22. डॉक्टरांनी तो आमच्याकडे वळवून दाखवला, मग त्याची जुनी फाइल उघडली. पहिल्या पानावर ओळखीच्या खुणांमध्ये कुणीतरी लिहिलं होतं: राखाडी पट्टे, डोळे तांबूस. त्यांनी पेन काढलं आणि शेवटचे दोन शब्द खोडले.

"काय लिहू?"

"शेवाळी," आई म्हणाली.

"शेवाळी कुठे, पिवळसर आहेत," मी म्हणाले, आणि फोनमधला पांढऱ्या कागदाचा फोटो शोधायला लागले.

डॉक्टरांनी टॉर्च मारून स्वतःच पाहिलं. तांब्याने टॉर्चवर पंजा मारला. मग त्यांनी लिहिलं: हिरवट पिवळे, बाहेरची कड तांबूस.